स्वयंसेवकांच्या तासांची नोंदवही

वाचकहो, हा पाठ हाती घेण्यापूर्वी नहेम्याच्या पुस्तकाचा ३ रा अध्याय एकदा सावकाश वाचून घ्यावा, अशी विनंती आहे. पुष्कळ जण हा अध्याय ओलांडून पुढे जातात. त्यात कथा नाही, उपदेश नाही, प्रार्थना नाही. अमक्याने अमुक वेस बांधली, त्याच्या शेजारी तमक्याने डागडुजी केली, अशी केवळ नावांची रांग आहे. भाषांतर करणाऱ्यास मात्र तो ओलांडता येत नाही. त्याला एकेक नाव उच्चारून, पडताळून लिहावे लागते. असे लिहीत असता हळूहळू ध्यानात येते की, ज्याने ही यादी केली तो तटाच्या कडेने स्वतः हिंडलेला असावा.

त्या यादीत प्रमुख याजक आहे, तसे सोनार आहेत आणि सुगंधी द्रव्ये तयार करणारेही आहेत. शल्लूम नावाच्या एका अधिकाऱ्याने आपल्या मुलींसह काम केले, हे त्याने आवर्जून टिपले आहे. तकोवा गावच्या लोकांनी नेमून दिलेला भाग पुरा करून आणखी एक भाग अंगावर घेतला, हेही त्याने लिहिले. आणि त्याच गावच्या सरदारांनी मान वाकवली नाही, हेही झाकले नाही. काम कोठून कोठपर्यंत झाले ते आहे. तट बावन्न दिवसांत पुरा झाला, हे पुढे ६ व्या अध्यायात येते. कोणी किती तास दगड वाहिले एवढे मात्र त्यात नाही, कारण त्या काळी ते कोणी विचारले नाही.

आज ते विचारले जाते. मंडळीचा दवाखाना असो, वसतिगृह असो, पुरानंतरचे मदतकार्य असो वा शास्त्राच्या भाषांतराची तपासणी असो, विनावेतन काम करणाऱ्यांनी किती वेळ दिला ह्याची नोंद ठेवावी लागते. बहुतेक ठिकाणी ती प्रथम वहीत असते, मग एखाद्याच्या संगणकावर जाते, आणि स्वयंसेवक चार गावांत पसरले की ती सर्वांना एकाच वेळी वापरता यावी अशी ऑनलाइन ठेवण्याचा विचार सुरू होतो. ह्या शेवटच्या पायरीवर काय सांभाळावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही. माझे शिक्षण ईशज्ञानाचे आहे आणि आयुष्य भाषांतरात गेले आहे. परंतु ही पायरी चढताना माझ्या हातून एक चूक घडली, आणि जे काही शिकलो ते तिच्यामुळेच शिकलो. म्हणून तिच्यापासूनच आरंभ करतो.

२०१६ साली आम्ही सोप्या मराठीतील एका भाषांतराची तपासणी करीत होतो. नाशिक, बडोदे, इंदूर, हैदराबाद आणि बेळगाव येथे मिळून तेवीस स्वयंसेवक होते. कोणी टंकलेखन करी, कोणी मुद्रिते तपाशी. इंदुरास एक निवृत्त शिक्षिकाबाई होत्या. त्यांचे काम मजकूर मोठ्याने वाचण्याचे. जेथे जीभ अडखळेल तेथे त्या समासात एक बारीक रेघ ओढीत. ज्यांनी शास्त्रपाठ उपासनेत वाचला आहे त्यांना ह्या रेघेची किंमत सांगावयास नको.

सर्वांचे तास मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसच्या एका फाइलीत भरले जात. ही फाइल प्रत्येक गावी पोहोचावी म्हणून मी ती इंटरनेटवरील एका सामायिक फोल्डरात ठेवली आणि मोठी सोय केली असे मला वाटले. हे फोल्डर काय करते ते मी नीट समजून घेतले नव्हते. ते एकच फाइल सर्वांना दाखवीत नाही. ते प्रत्येकाच्या संगणकावर तिची संपूर्ण प्रत ठेवते आणि एका प्रतीत बदल झाला की तो इतरत्र पाठवते. दोघांनी एकाच वेळी आपापल्या प्रतीत भर घातली की कोणती खरी हे त्याला ठरवता येत नाही. ते एक प्रत मूळ म्हणून ठेवते आणि दुसरीला नावापुढे काहीबाही शेपूट जोडून बाजूला टाकते. इंदूरचा तरुण रविवारी संध्याकाळी नोंदी भरी, त्याच वेळी मीही फाइल उघडून बसलेला असे. ऑगस्ट ते ऑक्टोबर असे तीन महिने त्याच्या नोंदी त्या शेपटीच्या फाइलींत जात राहिल्या. नोव्हेंबरात जागा भरत आली असे पाहून मी त्या जास्तीच्या फाइली पुसून टाकल्या.

डिसेंबरात आभाराची सभा झाली. तिच्या पत्रिकेत आम्ही स्वयंसेवकांची नावे छापली आणि प्रत्येक नावापुढे तासही छापले. बाईंच्या नावापुढे ११ हा आकडा होता. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी पत्रिका वाचली, घडी घातली आणि पिशवीत ठेवली. काही चुकले का, असे मी विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “काही नाही हो.” जानेवारीपासून त्यांच्याकडून समासातील रेघा येत राहिल्या, तासांचा कागद मात्र येईनासा झाला.

नोंद ठेवावीच का?

येथे एखादा वाचक विचारील की, हे सर्व हवे कशाला? डोंगरावरील प्रवचनात दानधर्म गुप्तपणे करण्यास सांगितले आहे. मग सेवेचे तास मोजणे हे त्याच्या विरुद्ध नव्हे काय? ही शंका मी अनेक भाविक माणसांच्या तोंडून ऐकली आहे आणि ती हलकी नाही. पण ती शिकवण कोणास उद्देशून आहे ते पाहावे. ती देणाऱ्यास आहे. घेणाऱ्याने विसरून जावे असे तिच्यात कोठेही नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा शेवटचा अध्याय काढावा. फिबीने पुष्कळांना साहाय्य केले, मरियेने श्रम केले, पर्सिसने पुष्कळ श्रम केले, असे तो एकेकीचे नाव घेऊन सांगतो. त्या स्त्रियांनी आपले श्रम स्वतः मिरवले नाहीत. ज्याच्या कार्याला ते लाभले त्याने ते लक्षात ठेवले. त्याच अध्यायात ते पत्र ज्याने लिहून घेतले त्या तर्तियसाचेही नाव आहे, आणि आम्हा लेखणीकामाठ्यांना त्याचे विशेष अगत्य वाटते. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांतून केलेले मराठी बायबल त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली केडगावहून प्रसिद्ध झाले. त्याची जुळणी व छपाई मुक्ती मिशनमधील मुली व स्त्रिया यांच्या हातून झाली. त्यांतील किती जणींची नावे आज आपणांस सांगता येतील?

दुसरी शंका अविश्वासाची. तास लिहावयास सांगणे म्हणजे माणसावर पहारा बसवणे, असे काहींना वाटते. ह्या बाबतीत २ राजे १२ व्या अध्यायातील मंदिराच्या डागडुजीचा वृत्तान्त मला फार उपयोगी पडला. योआश राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत पैसा जमत होता, पण डागडुजी होत नव्हती. मग यहोयादा याजकाने झाकणास भोक पाडलेली एक पेटी ठेवली. पेटीतील पैसा राजाचा चिटणीस व प्रमुख याजक असे दोघे मिळून मोजीत. तो पुढे काम करवून घेणाऱ्यांच्या हाती गेला, तेव्हा मात्र त्यांच्याकडून हिशेब घेण्यात आला नाही. कारण ती माणसे प्रामाणिकपणे वागत. एकाच वृत्तान्तात दोन रीती आहेत. जेथे बेरीज होते तेथे दोघांची नजर आहे, जेथे हात राबतात तेथे विश्वास आहे.

आम्ही पुढे जी ऑनलाइन व्यवस्था केली तिचा पाया हाच ठेवला. स्वयंसेवकाने जो वेळ लिहिला तो तसाच मान्य करावयाचा. तो मंजूर करणारा वरिष्ठ कोणी नेमावयाचा नाही. तयार मिळणाऱ्या बहुतेक व्यवस्थांत अशा मंजुरीची सोय असते, ती आम्ही जाणून बंद ठेवली. परंतु वर्षअखेरीस एकूण तास जेव्हा देणगीदारांकडे स्थानिक सहभाग म्हणून कळवले जातात, तेव्हा तो आकडा पैशासारखाच होतो. त्या बेरजेवर दोघांच्या सह्या लागतात, आणि त्या दोघांपैकी एक जण आमच्या कार्यालयाबाहेरचा असतो.

एकच जागा

आता व्यवस्थेकडे वळू. माझ्या चुकीचे मूळ असे की, एक नोंदवही आहे असे मी समजत होतो आणि प्रत्यक्षात सहा नोंदवह्या होत्या. सामायिक डेटाबेस ह्याचा अर्थ पुष्कळांच्या हाती असलेली फाइल असा नव्हे. १९७० साली आय.बी.एम.मधील एडगर कॉड ह्यांनी मोठ्या सामायिक माहितीसाठ्यांविषयी जो निबंध लिहिला, त्यावर आजच्या बहुतेक डेटाबेसांची रचना उभी आहे. त्यातील आपल्या कामाचा भाग असा की, माहिती आत कशी रचून ठेवली आहे ह्याच्याशी वापरणाऱ्याचा संबंध येऊ नये; त्याने काय हवे ते मागावे आणि काय लिहावयाचे ते सांगावे. पोस्टात आपण खिडकीवर अर्ज देतो. आत जाऊन आपल्या हाताने खातेवही लिहीत नाही. खिडकीमागे बसलेला एकच कारकून लिहितो, म्हणून दोन अर्ज एकाच क्षणी आले तरी वही फाटत नाही. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल हे डेटाबेस अशा कारकुनाचे काम करतात. ते इंटरनेटवरील एका यंत्रावर असतात, स्वयंसेवकाच्या फोनवर केवळ खिडकी उघडते, आणि फाइल कोणाच्याही घरी जात नाही. दोन्ही विनामूल्य आहेत. खर्च येतो तो यंत्राच्या भाड्याचा, आणि तेवीस जणांच्या कामाला लहानसे यंत्र पुरे होते.

अ‍ॅक्सेस वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एका कार्यालयात, एका भिंतीच्या आत ते उत्तम चालते, आणि त्याचे तक्ते आतून पोस्टग्रेसला जोडूनही वापरता येतात. परंतु त्याची फाइल प्रत्येकाचा संगणक स्वतः उघडून लिहितो, म्हणून ती इंटरनेटवरून वापरण्यासाठी नाही. अ‍ॅक्सेसमध्ये केलेली नोंदवही थेट संकेतस्थळावर चढवण्याची एक सोय मायक्रोसॉफ्टने दिली होती, ती २०१८ साली बंद केली. ती सोय सुचवणारी जुनी पुस्तके अजून हाती येतात, म्हणून एवढे सांगितले.

आपले स्वयंसेवक दहा-बारा असतील तर एवढा खटाटोपही करू नये. गूगलसारख्या सेवेतील ऑनलाइन तक्ता आणि त्याला जोडलेला अर्ज पुरतो. स्वयंसेवक अर्ज भरतो, ओळ तक्त्यात आपोआप येते, आणि त्याला इतरांच्या ओळी दिसत नाहीत. तक्ताच सर्वांच्या हाती देणे मात्र टाळावे. एखाद्याने चुकून एक स्तंभ उलटसुलट लावला की सर्वांचे तास दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात.

नोंदीत काय असावे

आमच्या व्यवस्थेत तीन तक्ते आहेत. पहिल्यात माणसे, दुसऱ्यात कामांचे प्रकार आणि तिसऱ्यात रोजच्या नोंदी. नोंदीत माणसाचे नाव लिहिलेले नसते, त्याचा क्रमांक असतो. हे रुक्ष वाटेल, पण त्याचे कारण आपल्या भाषेत आहे. एकच बाई माहेरच्या नावाने, सासरच्या नावाने आणि केवळ ताई म्हणून अशा तीन रीतींनी तक्त्यात येतात आणि तीन माणसे होतात. आणखी एक बारकावा मराठी लिहिणाऱ्यांनी विसरू नये. बोऱ्हाडे ह्या आडनावातील अर्धा र संगणकावर एकाहून अधिक रीतींनी टंकित होतो. पडद्यावर अक्षरे हुबेहूब सारखी दिसतात, पण आतील संकेत निराळे असतात, म्हणून यंत्राला ती दोन आडनावे वाटतात. आमच्याकडे एका गृहस्थांचे तास असे दोन ठिकाणी विभागले गेले होते, आणि ते स्वतःला शोधीत तेव्हा अर्धेच सापडत. क्रमांक दिल्यावर हा त्रास संपला.

वेळ कसा लिहावा, हा प्रश्न क्षुल्लक दिसतो आणि सर्वांत अधिक घोटाळा तोच करतो. दीड तास म्हणजे आपण सहज १.३० लिहितो. संगणक तो दशांश समजतो आणि एक तास अठरा मिनिटे धरतो. अशा वीस नोंदी केल्या तर तीस तासांचे सव्वीस होतात. म्हणून अर्जात तास आणि मिनिटे असे दोन वेगळे चौकोन ठेवावेत आणि आत सर्व मिनिटांतच साठवावे. तारखेचेही तसेच आहे. ०३-०४ हा मार्चचा चौथा दिवस की एप्रिलचा तिसरा, हे लिहिणाराच जाणे. आत साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम ठेवावा. पडद्यावर महिना अक्षरांत दाखवावा.

प्रत्येक नोंदीत दोन माणसे असतात, हे मला इंदूरच्या प्रकरणातून कळले. तास ज्याचे ते एक आणि नोंद भरणारा दुसरा. पुष्कळ वृद्ध स्वयंसेवकांच्या नोंदी नातवंडे भरतात, आणि त्यात काही वावगे नाही. मात्र कोणी भरली हे दिसले पाहिजे. चुकलेली नोंद पुसू नये. तिच्यावर नवी करावी आणि जुनी आत राहू द्यावी, कोणी व केव्हा बदलली त्यासह. भाषांतरकारांना ही रीत परिचित आहे. आम्ही वापरतो त्या पॅराटेक्स्ट प्रणालीत निरनिराळ्या गावी केलेले बदल एकत्र आणले जातात, आणि दोघांनी एकच वचन निराळे बदलले तर ती गुपचूप एकाचा मजकूर टाकून देत नाही. येथे मतभेद आहे अशी टीप पुढे ठेवते. शास्त्राच्या मजकुराबाबत इतकी काळजी घेणारे आम्ही, मजकूर वाचणाऱ्या माणसांच्या तासांबाबत शेपटीच्या फाइली पुसून मोकळे झालो होतो.

जेथे रेंज नसते अशा गावी काय करावे? ओडीके ही प्रणाली २००८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात आकाराला आली. तिच्यात अर्ज फोनवरच भरून ठेवता येतो आणि रेंज मिळाली की तो जातो. प्रत्येक अर्जाला जन्मतःच एक स्वतंत्र ओळख मिळते, म्हणून तो चुकून दोनदा पाठवला तरी दोनदा मोजला जात नाही. आपण स्वतः काही रचणार असाल तर एवढी एक युक्ती अवश्य उचलावी.

नोंदींची प्रत रोज रात्री आपोआप दुसऱ्या ठिकाणी जावी. पण तेवढ्याने निश्चिंत होऊ नये. तीन महिन्यांतून एकदा ती प्रत एखाद्या रिकाम्या संगणकावर उलगडून, बेरीज जुळते का हे पाहावे. आम्ही हे पहिल्यांदा केले तेव्हा मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे आली. प्रत घेताना अक्षरांचा संकेत चुकीचा निवडला होता. मूळ शाबूत होते म्हणून निभावले.

कोणी काय पाहावे

नोंदवही ऑनलाइन गेली की ती कोणाला दिसते, हा प्रश्न उरतो. सर्वांसाठी एकच परवलीचा शब्द ठेवून तो भिंतीवर चिकटवण्याची आपल्याकडे वहिवाट आहे, ती सोडावी. प्रत्येकाला स्वतःचे प्रवेशनाव असावे. काही गावांत आपले नाव शास्त्राच्या भाषांतराशी जोडलेले सर्वांना कळावे असे स्वयंसेवकाला वाटत नसते आणि त्याला तशी कारणे असतात. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. त्यानुसार माहिती कशासाठी घेतली हे सांगून संमती घ्यावी लागेल, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची. तरुण संघातील मुले स्वयंसेवक असतील तर हे ध्यानात ठेवावे. पण कायदा नसता तरी जन्मतारीख, घरचा पत्ता, आधार क्रमांक असले काही मागण्याचे कारण नव्हते. तास मोजण्यास ते लागत नाही.

स्वयंसेवकाला स्वतःचे तास दिसावेत आणि सर्वांची मिळून बेरीज दिसावी. दुसऱ्या एकट्याचे तास दिसू नयेत. हा नियम मी द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून घेतला. मत्तय २० व्या अध्यायातील मजुरांपैकी कोण सकाळी आला, कोण दिवस मावळता आला, हे सर्वांना ठाऊक होते आणि तोवर काही बिघडले नव्हते. कुरकूर सुरू झाली ती एकाने दुसऱ्याच्या हातातील नाणे पाहिल्यावर. आमच्या पत्रिकेत नावापुढे आकडे छापले, तेव्हा आम्ही तेवीस जणांना एकमेकांच्या हातात पाहावयास लावले होते. बाईंचा आकडा बरोबर असता, तरीही ते छापणे अयोग्यच ठरले असते. अलीकडील काही व्यवस्थांत सर्वाधिक तास देणाऱ्यांची क्रमवारी आणि बिल्ले असतात. मुलांच्या खेळात ते शोभते. अमेरिकेतील इंडिपेंडंट सेक्टर ही संस्था दरवर्षी स्वयंसेवेच्या एका तासाचे डॉलरांत मोल जाहीर करते. २०२२ सालासाठी ते ३१.८० होते. अर्थसाहाय्याच्या अर्जात असल्या आकड्याचा उपयोग असेल. पण बाईंनी समासात ओढलेल्या रेघेला रुपयांनी गुणून ते त्यांनाच दाखवावे, असे मला कधी वाटले नाही.

मग तासांकडे पाहावयाचेच नाही काय? पाहावयाचे, पण निराळ्या कारणाने. नव्या व्यवस्थेत मी दर सोमवारी गेल्या आठवड्याच्या नोंदी वाचू लागलो. एकदा बेळगावच्या एका टंकलेखकाच्या नावावर त्रेचाळीस तास दिसले, बहुतेक सर्व रात्रीचे. पूर्वी मी कौतुकाचे पत्र पाठवले असते. ह्या वेळी फोन केला. त्याची नोकरी दोन महिन्यांपूर्वी सुटली होती. घरी सांगितले नव्हते. झोप येत नाही म्हणून टंकित करीत बसत असे. त्याच्या पाळकांना त्याच्या संमतीने कळवले आणि काम निम्म्यावर आणले. नोंदवही नसती तर हे मला पुष्कळ उशिरा कळले असते, आणि ती कोणी वाचत नसता तर कळलेच नसते. म्हणून व्यवस्था उभी करताना यंत्र कोण सांभाळील ह्याबरोबर नोंदी दर आठवड्यास कोण वाचील, हेही ठरवावे. पहिल्यासाठी माणूस विकत मिळतो, दुसऱ्यासाठी मिळत नाही.

राहिली बाईंची गोष्ट. पुसलेल्या फाइलींचा उलगडा मला मार्चमध्ये झाला. फोनवर ते सांगणे जमेना, म्हणून मी इंदुरास गेलो आणि चूक माझी होती हे त्यांना समोर बसून सांगितले. त्यांनी आतून शाळेतली एक चौरेघी वही आणली. त्यात प्रत्येक दिवस होता. तारीख, अध्याय, सुरू केल्याची वेळ, थांबल्याची वेळ; एके ठिकाणी दिवे गेले म्हणून पाऊण तास वजा केला होता. इंदूरच्या इतर दोघांकडे अशी वही नव्हती. त्यांचे तास आठवणीने भरले आणि त्यांपुढे अंदाजे अशी खूण केली. ती खूण करण्याची सोय नव्या व्यवस्थेत तेव्हापासून आहे. बाईंच्या चौसष्ट तासांना तशी खूण लागली नाही.

वही उतरवून घेताना मला दिसले की, बऱ्याच पानांवर वेळेपुढे एक नाव लिहिले होते. विचारल्यावर कळले की त्या शेजारच्या वृद्ध बाई. त्यांना दृष्टी नाही. आमच्या बाई मोठ्याने वाचीत तेव्हा त्या समोर बसत आणि जेथे अर्थ लागला नाही तेथे हात वर करीत. समासातील रेघांपैकी पुष्कळशा त्या हाताच्या होत्या. त्यांचे नाव कधी कोणी विचारले नव्हते. मी त्यांना भेटून परवानगी मागितली. नुसते ऐकण्याला काय नोंदायचे, असे त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने म्हणाल्या, लिहा.

माणसांच्या तक्त्यात त्यांचा क्रमांक चोवीस आहे. त्यांचे तास भरावयास बसलो तेव्हा कामांच्या तक्त्यात वाचणे होते, टंकलेखन होते, मुद्रिते तपासणे होते, ऐकणे नव्हते. ती ओळ त्या दिवशी घातली.